जुन्या मारुती ८०० मध्ये दुसरं इंजिन बसवायचंय? आधी कागद, मग पाना

नाशिकमध्ये अजून बऱ्याच बंगल्यांच्या पोर्चमध्ये एमएच-१५ नंबरची मारुती ८०० उभी दिसते. बॉडी ठीक, पत्रा फारसा सडलेला नाही, पण इंजिन तेल पितंय आणि मागून निळा धूर सोडतंय. गॅरेजवाला सांगतो, "शेठ, हे बांधण्यापेक्षा (म्हणजे उघडून दुरुस्त करण्यापेक्षा) दुसरं इंजिन टाकून घ्या, स्वस्तात पडेल." तुम्हाला हाताने काम करायची हौस आहे, एखादा मित्र मदतीला आहे आणि हे घरीच करावं असं वाटतंय, तर हा लेख तुमच्यासाठी. माझी गाडी कार्ब्युरेटरवाली होती, म्हणून बारकावे त्याच गाडीचे दिले आहेत. इतर जुन्या पेट्रोल गाड्यांनाही क्रम हाच लागतो.

इंजिन उतरवणं-चढवणं हा या कामातला सोपा भाग आहे. योग्य इंजिन मिळवणं आणि ते आरसी बुकात नोंदवून घेणं, यात खरा वेळ जातो. बहुतेक लोक उलट करतात. आधी इंजिन आणतात, बसवतात आणि मग आरटीओत विचारायला जातात.

## १. कोणतं इंजिन टाकायचं ते ठरवा

तीन प्रकारचे बेत ऐकू येतात.

तसंच इंजिन. म्हणजे कार्ब्युरेटरवाल्या ८०० मध्ये तेच ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं एफ८बी इंजिन. फाउंडेशन (इंजिन गाडीला धरून ठेवणारे आधार) जुळतं, गिअरबॉक्स जुळतो, वायरिंग जुळतं, आरटीओतही फक्त इंजिन नंबर बदलतो. पहिल्यांदा करणाऱ्याने हेच करावं, असं माझं ठाम मत आहे.

त्याच घराण्यातलं नवं इंजिन. २००० च्या सुमारास ८०० ला एमपीएफआय आलं, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक इंजेक्टरने पेट्रोल सोडणारी पद्धत. "सीसी तेवढेच आहेत, अल्टोचं इंजिन सरळ बसतं" असं तुम्हाला छातीठोकपणे सांगितलं जाईल. लोखंड बसेलही, पण गाडी त्याने चालत नाही. त्याला टाकीत इलेक्ट्रिक पेट्रोल पंप लागतो, जास्त दाबाची पेट्रोल लाइन लागते, ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर), सगळे सेन्सर आणि त्या गाडीचं अख्खं वायरिंग लागतं. त्यातला एक सेन्सर राहिला की महिनाभर "मिसिंग का येतंय" शोधत बसाल. करायचंच असेल तर ती गाडीच पूर्ण विकत घ्या, सुटं इंजिन नको.

मोठं किंवा डिझेल इंजिन. जिप्सीत डिझेल, जीपमध्ये भलतंच काहीतरी. शेतावर फिरवायला लोक करतात, रस्त्यावरही दिसतात, म्हणून ते चालतं असं समजू नका. इंधनाचा प्रकार बदलण्याची वाट फक्त मंजूर सीएनजी, एलपीजी किंवा इलेक्ट्रिक किटसाठी आहे. शिवाय पुढच्या चाकांवरचं वजन बदलतं, ब्रेक मात्र जुनेच राहतात. हा लेख त्या वाटेने जात नाही.

## २. कायदा काय म्हणतो ते नीट समजून घ्या

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ यासाठी वाचा. गाडीत असा बदल करता येत नाही की आरसीवरची माहिती कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या केरळमधल्या प्रकरणात हीच भूमिका घेतली. त्याच स्पेसिफिकेशनचं इंजिन आरटीओच्या परवानगीने बदलता येतं. म्हणून पहिल्या प्रकाराचं इंजिन निवडा असं वर म्हटलं.

परवानगीशिवाय इंजिन बदललं गेलं असेल, तर १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवायची तरतूद याच कलमात आहे. "मग आधी बसवू आणि कळवू" असा अर्थ काढू नका. नियमबाह्य बदलाला कलम १८२-अ खाली दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून महाग पडतो तो विमा. अपघातानंतर सर्व्हेअरने इंजिन नंबर पाहिला आणि तो पॉलिसीशी जुळला नाही, तर क्लेमचं काय होणार ते सांगायला नको.

आपलं आरटीओ कार्यालय पेठ रोडवरचं. मालेगाव बाजूच्या लोकांची नोंदणी एमएच-४१ मध्ये, त्यांनी तिकडे जायचं. गाडी पुण्या-मुंबईकडून जुनी घेतलेली असेल तर आधी नावावर करून आरसीवर नाशिकचा पत्ता आणा. गाडी पहिल्या मालकाच्या नावावर ठेवून इंजिन बदलाचा अर्ज करायला गेलात तर खिडकीवरूनच परत याल.

आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. १५ वर्षं पूर्ण झालेल्या गाडीची फेरनोंदणी संपलेली असेल तर आधी ती. ही फी १ एप्रिल २०२२ पासून कारसाठी ५,००० रुपये झाली, २० वर्षांवरच्या गाड्यांना २०२५ मध्ये ती १०,००० झाली. पर्यावरण कर वेगळा. हा सगळा खर्च धरून मग ठरवा, या गाडीवर इंजिनाचे पैसे घालायचे की नाही. जीव अडकला असेल तर घालाच, फक्त हिशेब डोळे उघडे ठेवून करा.

## ३. फाइलमध्ये काय काय हवं

परिवहन पोर्टलवर 'वाहनातील बदल' या सेवेत अर्ज आणि फी भरता येते. फाइल मात्र कागदाची तयार ठेवा:

- मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी
- आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा
- इंजिनाचं पक्कं बिल, त्यावर इंजिन नंबर लिहिलेला
- ज्या गाडीतून ते इंजिन निघालं त्या गाडीच्या आरसीची प्रत आणि तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद
- इंजिन नंबर आणि चेसिस नंबरचे पेन्सिल प्रिंट (नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून काढलेले ठसे)
- गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सवाल्यांचं संमतीपत्र
- विकणाऱ्याचं आणि तुमचं प्रतिज्ञापत्र, मागितलं तर

१ एप्रिल २०१९ आधीची गाडी असेल आणि अजून हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावली नसेल, तर तीही लावून घ्या. त्याशिवाय बाकीची कामं पुढे सरकत नाहीत.

अर्ज करायच्या आधी एकदा मोटार वाहन निरीक्षकांना भेटून, कोणतं इंजिन, कुठून घेणार, हे तोंडी सांगा. ते जो कागद जास्तीचा मागतील तो त्याच दिवशी लिहून घ्या. एजंट लावायचा की नाही हा तुमचा प्रश्न. पण एजंट "बिल नसलं तरी करून देतो" म्हणाला, तर तिथून उठा.

## ४. इंजिन विकत घेताना

इथे घाई केली की सगळं बिघडतं.

नाशिकमध्ये पूर्वी कोणीही सांगायचं, "अंबड लिंक रोडला जा, मिळेल." तो मोठा भंगार बाजार महापालिकेने २०१७ मध्ये हटवला, त्यामुळे तो सल्ला आता तितका कामाचा नाही. द्वारका, सारडा सर्कल भागातल्या स्पेअर पार्टवाल्यांकडे चौकशी करा, जुन्या गॅरेजवाल्यांना सांगून ठेवा. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड जुन्या पार्टसाठी प्रसिद्ध आहे. पण तिथून आणायचं तर पक्क्या बिलाचा आग्रह दुप्पट धरा.

माझी पसंती वेगळी आहे. अपघातात बॉडी गेलेली किंवा सडलेली अख्खी ८०० विकत घ्या. इंजिन गाडीतच चालू करून बघता येतं. कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, अल्टरनेटर, फाउंडेशनचे ब्रॅकेट, नटबोल्टसुद्धा मिळतात. आणि मुख्य म्हणजे आरसी हातात असते. मालकाने कलम ५५ खाली नोंदणी रद्द करून घेतली की इंजिनाचा इतिहास कागदावर स्वच्छ होतो. सुटं इंजिन बघायला गेलात तर "शोरूम कंडिशन, बांधायची गरजच नाही" हे वाक्य ऐकाल. ऐका, आणि तपासायला लागा:

नंबर. ब्लॉकवर ठोकलेला इंजिन नंबर स्वच्छ वाचता आला पाहिजे. आजूबाजूला ग्राइंडरच्या खुणा, ताजा रंग, वेड्यावाकड्या ओळीतले आकडे दिसले की इंजिन कितीही चांगलं असो, सोडून द्या. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) वाहन समन्वय सेवेत इंजिन नंबर, चेसिस नंबर टाकून ती गाडी चोरीची नोंदलेली आहे का ते बघता येतं. पैसे देण्याआधी बघा.

तेल. तेल भरायचं झाकण उघडा. आतल्या बाजूला दुधाळ, कॉफीसारखा थर असेल तर पाणी तेलात जातंय. डिपस्टिक नाकाशी धरा, पेट्रोलचा वास येतो का बघा.

कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब. हे मोजल्याशिवाय इंजिन उचलू नका. कम्प्रेशन गेज फार महाग नसतं, कोणाकडून उसनंही मिळतं. इंजिन गरम करून तिन्ही प्लग काढा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि एकेका सिलिंडरवर स्टार्टर फिरवा. तिन्हींचे आकडे जवळपास सारखे हवेत. एखादा दहा टक्क्यांहून जास्त खाली असेल तर त्यात चमचाभर तेल सोडून परत मोजा. आकडा वर आला तर रिंगा गेल्या, नाही आला तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन एकदम खाली असतील तर त्यांच्यामधला हेड गॅस्केट तपासावा लागेल.

एमिशन. हा मुद्दा फारसा कोणी सांगत नाही. पीयूसीची मर्यादा तुमच्या गाडीच्या निकषाप्रमाणे असते. बीएस-२ च्या (बीएस म्हणजे भारत स्टेज, प्रदूषणाचे सरकारी निकष) आधीच्या पेट्रोल कारला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतो, बीएस-२ आणि बीएस-३ ला ०.५ टक्के. म्हणजे नव्या ८०० मध्ये जुनं कार्ब्युरेटरचं इंजिन टाकलं, तर बसेल छान, पीयूसीला मात्र लटकेल.

## ५. जागा आणि हत्यारं

पोर्च असेल तर उत्तम. सोसायटीच्या पार्किंगमध्ये करणार असाल तर सेक्रेटरीशी आधी बोला, आणि जमिनीवर जुने फ्लेक्स अंथरा. तेलाचा एक डाग पडला की पुढचं काम बंद पडतं. दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे निवडा. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडच्या पावसात उघडं इंजिन अर्ध्या छपराखाली ठेवणं म्हणजे गंजाला आमंत्रण.

लागणारं सामान: चेनकप्पी आणि मजबूत लोखंडी घोडी, ट्रॉली जॅक, चार जॅक स्टँड, रिंग आणि फिक्स पान्यांचा सेट, सॉकेट सेट, टॉर्क रेंच, फिलर गेज, टायमिंग लाइट, मल्टिमीटर, क्लच प्लेट मध्यावर धरायचा डमी शाफ्ट, गंज सोडवायचा स्प्रे, गॅस्केटचं सिलंट, आणि एबीसी प्रकारचा अग्निशामक. चेनकप्पी आणि घोडी भाड्याने घ्या, विकत घेऊन उपयोग नाही.

दोन गोष्टी अजिबात करायच्या नाहीत. स्लॅबच्या पंख्याच्या हुकाला चेनकप्पी टांगायची नाही. तो हुक पंख्यासाठी आहे. आणि फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही, स्टँड लावल्याशिवाय हातसुद्धा घालायचा नाही. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते, म्हणून मागच्या बाजूला गॅस गिझर चालू असेल किंवा तुळशीपाशी दिवा लावलेला असेल तर तेवढा वेळ बंद ठेवायला घरच्यांना सांगा.

## ६. जुनं इंजिन उतरवणं

काम सुरू करायच्या आधी इंजिन बे चा सगळ्या कोनांतून फोटो काढा. प्रत्येक वायरला, प्रत्येक व्हॅक्यूम पाइपला मास्किंग टेप लावून नंबर टाका. नटबोल्टसाठी श्रीखंडाचे रिकामे डबे जमवा, झाकणावर "स्टार्टर", "फाउंडेशन डावं" असं लिहा. हा कंटाळवाणा भाग आहे आणि शेवटी याच भागामुळे गाडी सुरू होते.

क्रम असा:

1. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी, मग पॉझिटिव्ह. बॅटरी बाहेर.
2. बॉनेट काढा. बिजागरीच्या कडेने मार्करने रेघ ओढून ठेवा, परत बसवताना गॅप जुळतो.
3. इंजिन थंड असताना कूलंट, तेल आणि गिअर ऑइल काढा.
4. पेट्रोल पाइप काढून तोंडाशी बोल्ट खोचून क्लिप लावा.
5. रेडिएटर, फॅन, एअर क्लीनर, अॅक्सिलरेटर केबल, चोक केबल, क्लच केबल, मीटर केबल, सगळ्या वायरी.
6. सायलेन्सरचा पाइप. त्याचे नट आदल्या रात्रीच स्प्रेने भिजवा, जोर लावलात की स्टड तुटतो.
7. गिअरचे रॉड, ड्राइव्ह शाफ्ट.
8. चेनकप्पीवर भार घेऊन मग फाउंडेशनचे बोल्ट.

गिअरबॉक्ससकट एकदम काढणं घरी सोपं पडतं. जमिनीवर दोन्ही वेगळे करता येतात आणि बसवतानाही बाहेरच जोडता येतात. उचलताना चार बोटं वर गेलं की थांबा, सगळीकडे फिरून बघा. एक तरी तार अजून अडकलेली असते.

## ७. दुसरं इंजिन बाहेर आहे तोवर

चालू इंजिन आणलं असलं तरी टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर, वॉटर पंप, क्रँकची पुढची-मागची सील, कॅम सील, थर्मोस्टॅट, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि ड्राइव्ह शाफ्टची सील नवीनच टाका. गाडीत बसल्यावर मागचं सील गळायला लागलं, तर पन्नास रुपयांच्या रबरासाठी सगळं परत उतरवावं लागतं. फाउंडेशनची रबरं दाबून बघा, चिरा दिसल्या तर बदला.

फ्लायव्हीलवर निळसर डाग किंवा खाचा असतील तर फेस मारून (घासून सपाट करून) घ्या. इथे नाशिककर सुदैवी आहेत. सातपूर आणि अंबड एमआयडीसीत लेथ, सरफेस ग्राइंडिंग करणारे छोटे वर्कशॉप गल्लोगल्ली आहेत. हेड काढलं असेल तर तेही सपाट करायला तिकडेच द्या. मात्र किती काढायचं ते मॅन्युअल बघून सांगा, "जरा मारा" असं सांगू नका.

## ८. बसवणं

क्लच प्लेट डमी शाफ्टने मधोमध धरून प्रेशर प्लेटचे बोल्ट आळीपाळीने आवळा. गिअरबॉक्स हाताने सरकत इंजिनाला टेकला पाहिजे. अर्धा इंच फट राहिली आणि ती बोल्ट आवळून ओढलीत, तर क्लच प्लेट वाकते किंवा हाउसिंगचा कान तुटतो. फट राहिली की मागे घ्या, शाफ्ट थोडा फिरवा, परत लावा.

गाडीत उतरवल्यावर सगळे फाउंडेशन बोल्ट आधी हाताने लावा, सगळे लागल्यावर आवळा. अर्थची तार इंजिनापासून बॉडीला नीट घासून लावा. नवीन इंजिन बसवल्यावर स्टार्टर नुसता "टक" करतो, त्यामागे बहुतेक वेळा ही विसरलेली किंवा गंजलेली तारच असते. प्लगच्या वायरी १-३-२ या फायरिंग ऑर्डरने.

## ९. पहिला स्टार्ट

तेल तीन लिटरपेक्षा थोडं कमीच लागतं, डिपस्टिक बघत भरा. लगेच किल्ली मारू नका. प्लग बाहेर, इग्निशन कॉइलची वायर काढलेली, अशा स्थितीत थोडा थोडा वेळ स्टार्टर फिरवा. डॅशबोर्डवरचा तेलाचा दिवा विझला की तेल वर पोचलं. मग प्लग लावा, वायर जोडा, सुरू करा.

रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून कूलंटमधली हवा निघू द्या. टायमिंग लाइटने टायमिंग लावा, मॅन्युअलप्रमाणे. फॅन आपोआप सुरू होतो का, हे पोर्चमध्येच उभं राहून बघा. काटा वर चढला आणि फॅन लागला नाही तर बंद करा, स्विच तपासा.

## १०. रस्त्यावर काढताना

विमा कंपनीला बदल कळवून झालेला असावा. पहिल्या फेऱ्या घराजवळ. मग गंगापूर रोड, त्यानंतर त्र्यंबक रोड. जवळपास सपाट, अठ्ठावीस-तीस किलोमीटर, मध्ये थांबून बॉनेट उघडायला जागा. हौसेने पहिल्याच रविवारी कसारा घाटाकडे निघू नका. जाताना उतार असतो, गाडी मस्त पळते, आणि परत येताना तोच घाट चढायचा असतो. पेठ रोडचा सावळघाट आणि सप्तशृंगी गडाची चढणही नंतर.

इंजिन बांधून घेतलं असेल तर पहिले हजार किलोमीटर दामटू नका आणि ५०० ला तेल-फिल्टर बदला. पहिल्या आठवड्यात फाउंडेशन, सायलेन्सर आणि ड्राइव्ह शाफ्टचे बोल्ट परत एकदा आवळून घ्या.

## ११. पुन्हा पेठ रोड

नवीन पीयूसी काढा आणि गाडी तपासणीला न्या. इंजिन नंबरवरचं तेल-माती आधी पुसा, निरीक्षकांना टॉर्च लावून वाकून वाचायला लावू नका. नवी आरसी आली की नंबर अक्षर न् अक्षर ब्लॉकशी ताडून बघा. इंग्रजी 'ओ' आणि शून्य, 'बी' आणि आठ यांची अदलाबदल सर्रास होते. ती नंतर दुरुस्त करायची म्हणजे नव्याने फेरा. मग त्याच आरसीची प्रत देऊन विम्यात इंजिन नंबर बदलून घ्या.

जुनं इंजिन भंगारात देताना त्याचा नंबर लिहिलेली पावती घ्या आणि फाइलमध्ये लावा. काढलेलं तेल नासर्डी नदीत किंवा गटारात ओतू नका. कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या, जुनं तेल गोळा करणारे तिथून नेतात.